गारपगाऱ्याला खाली बसवलं ती सकाळ

गावात माझ्यावर एक आरोप अजून आहे. तो असा की, ऐन गारा पडायच्या वेळी गावाच्या गारपगाऱ्याला मी त्याच्या जागेवरून पळवून नेलं. आरोप खरा आहे. मी त्याला नेलं, आणि पुढे तो उठायला लागला तेव्हा हात धरून खालीही बसवलं. मी तसा लवकर मान खाली घालणारा माणूस. बैल माझ्यामुळे लंगडला असं कुणी म्हटलं तर रात्रभर झोप लागत नाही, मग तो बैल दुसऱ्याचा का असेना. घरात काही सांडलं की लहानपणी मी आधी चूक कबूल करायचो आणि मग काय सांडलं ते पाहायचो. पण त्या सकाळबद्दल मी कुणाची माफी मागितलेली नाही आणि मागणारही नाही. का, ते एकदा नीट लिहून ठेवतो.

आमचं गाव अकोटच्या वर, सातपुड्याच्या अगदी पायथ्याशी. उत्तरेला डोंगराची पहिली धार भिंतीसारखी उभी, आणि पश्चिमेकडे नजर टाकली तर नरनाळ्याचा तट दिसतो. ज्या वर्षांबद्दल मी सांगतोय, ती कापसाची वर्षं होती. कुठेतरी समुद्रापलीकडे लढाई लागली म्हणे, आणि आमच्या काळ्या जमिनीत पांढरं सोनं पिकायला लागलं. लोकांनी ज्वारीची वावरं मोडून कापसाची पऱ्हाटी लावली. बैलांच्या शिंगांना चांदीची टोपणं आली. अकोल्याच्या बाजाराकडे बैलबंड्यांची रांग लागायची. माघ सरेपर्यंत घरं आढ्यापर्यंत कापसानं भरलेली असायची आणि माणसं ओसरीत निजायची. उरलेला कापूस अंगणात, खळ्यावर, वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उघड्यावर गंजी करून पडलेला. भाव अजून चढेल म्हणून विकायचाही नाही, आणि झाकायला कुणाला सवड नाही.

झाकायचा कशाला? गारपगारी होता ना.

ज्यांच्याकडे ही चाल नाही त्यांच्यासाठी सांगतो. गावावर येणारी गार अडवायची, हे आमच्याकडे एका घराचं वंशपरंपरेचं काम असे. आभाळ हिरवं-काळं झालं की गारपगाऱ्यानं मारुतीपुढच्या चपट्या दगडावर जाऊन उभं राहायचं. अंगावर फक्त लंगोटी, डोकं उघडं, हातात जुनी तलवार. ढगाला शिव्या द्यायच्या, हुकूम करायचा, दुसरीकडे जा म्हणून सांगायचं. ढग गेला तर खळ्यावरून त्याला ज्वारीच्या पेंढ्या मिळायच्या. नाही गेला तर गार त्याच्या उघड्या डोक्यावर पडायची, आणि वर लोकांचं बोलणं. त्या दगडावर इतक्या पिढ्या उभ्या राहिल्या होत्या की मध्ये दोन पावलांएवढा खोलगट भाग झाला होता.

आदल्या वर्षी फाल्गुनात माझ्या दोस्ताचा बाप त्या दगडावर उभा होता. आवळ्याएवढी एक गार त्याच्या कानशिलाला लागली. तो पडला नाही. पाऊस थांबेपर्यंत उभा राहिला, घरी चालत गेला, आणि पुढे तापात गेला. कापूसही गेलाच होता. तेराव्याच्या दिवशी माझ्या वडिलांनी, म्हणजे गावच्या पाटलांनी, ती तलवार त्याच्या पोराच्या हातात दिली. आम्ही सगळे तिथे होतो. पोरानं घेतली. माझ्याएवढाच तो, ओठावर नुकती मिशी. कुणीतरी मागून म्हणालं, "बापाचं तप कमी पडलं. आता तू नीट उभा राय."

ते वाक्य मी आजही विसरलेलो नाही.

आम्ही तिघे दोस्त. हा गारपगारी, मी, आणि सुताराचा मुलगा. तिघांनी लहानपणी त्याच डोंगरावर गुरं चारली होती. आम्हाला एक गोष्ट माहीत होती, जी मोठ्यांच्या लक्षात आली नव्हती, कारण मोठे डोंगरावर जात नसत. गाव डोंगराच्या अगदी कुशीत असल्यामुळे मेळघाटातून येणारा ढग गावाला दिसतो तेव्हा तो डोक्यावरच असतो. धारेवरून मात्र तो कितीतरी आधी दिसतो. कापूस झाकायला पुरेल इतका आधी.

ही कल्पना गारपगाऱ्याचीच. "थांबवता त येत नाई मले," तो एकदा पारावर बसून म्हणाला, "पन येऊन राहिली हे त सांगू शकतो ना लोकाइले?"

सुतार म्हणाला, "वरून बोंबलशीन? तुह्या आवाज शेजारच्या घरात जात नाई."

"धूर करीन."

ठरलं ते एवढंच. जो दिवस वाईट वाटेल त्या दिवशी पहाटे वर जायचं. ढग दिसला की ओला पाला टाकून धूर करायचा. आम्ही वर गेलो की खाली त्याच्या आईनं घरोघर सांगत फिरायचं की धूर दिसला रे दिसला की गंजी झाका. घोंगड्या, तट्टे, तुराट्यांचे भारे, जे असेल ते. माझ्या वडिलांना आधी सांगायचं नाही, हेही ठरलं. त्यांना कळलं असतं तर त्यांनी त्याला रात्रीच मारुतीपाशी नेऊन उभं केलं असतं.

माघातल्या त्या दिवशी संध्याकाळपासूनच उकडत होतं. थंडीच्या दिवसांत अंगाला घाम. वारा मेल्यासारखा. गोठ्यातल्या गाई दावणीला झटके देत होत्या. पहाटे कोंबडा आरवायच्या आधी खिडकीशी खरखर झाली.

"अबे पाटला, उठला का नाई? का आई अजून पांघरून घालून राहिली?"

"उठलो."

"मंग वहाना हातात घे. कुत्रं भुकलं त तुह्या बापाले जाग येईन, अन् मंग गार नाई, पयले तोच पडन आपल्यावर."

हा सुतार. आयुष्यात त्यानं एकही भीतीची गोष्ट सरळ चेहऱ्यानं सांगितली नाही. गारपगारी त्याच्या मागे उभा होता. त्याच्या काखेत गवऱ्यांचं गाठोडं होतं. विस्तव त्यानं मडक्यात राखेखाली घेतला होता. तलवार आणली नव्हती, हे मी अंधारातही आधी पाहिलं.

नाल्यानं वर निघालो. उन्हाळ्यात कोरडा पडणारा तो नाला म्हणजे डोंगरावर जायची आमची जुनी वाट. दगड गोल, पायाखाली फिरणारे. सागाचा वाळलेला पाला इतका की प्रत्येक पाऊल गावात ऐकू जाईल असं वाटत होतं. कुठेतरी सांबर भुंकलं. सुतार थांबला.

"वाघ हाय."

"सांबर हाय," गारपगारी म्हणाला.

"सांबर कोनाले पाहून भुकते? वाघाले. तू पुढं चाल. तुह्या घरचं काम हाय हे. मी पाहुना आलो."

नाला संपतो तिथे कडा आहे. फार उंच नाही, तीन माणसं एकमेकांच्या खांद्यावर उभी राहिली तर पोचतील एवढा, पण सरळ. त्यात एक चीर आहे, तिच्यात पाय रोवत जायचं. लहानपणी आम्ही वानरासारखे चढायचो. त्या पहाटे दगड दमट होता, घाम फुटल्यासारखा. वहाणा कमरेला बांधून, धोतर वर खोचून मी आधी गेलो. अर्ध्यावर पाय सटकला, गुडघा फुटला, आणि वरच्या पळसाची मुळी हाताला लागली म्हणून राहिलो. खालून सुतार ओरडला, "पाटला, पडायचं असन त इकडं नको पडू, मी हाय." मग वरून मी हात दिला आणि गारपगाऱ्यानं मडकं आधी माझ्याकडे दिलं, मग स्वतः आला. सुताराला आम्ही दोघांनी पोत्यासारखं ओढलं. वर येऊन तो उताणा पडला आणि म्हणाला, "आता मले उतरवायले गाव आनजा."

मी हसलो. त्या वर्षात पहिल्यांदाच मी गारपगाऱ्यालाही हसताना पाहिलं.

धारेवर पोचलो तेव्हा उजाडत होतं. तिथे तिखाडीचं गवत वाढलेलं असतं. पायाखाली चिरडलं की त्याचा तिखट-गोड वास सगळ्या अंगाला लागतो. दक्षिणेला खाली अख्खं वऱ्हाड पसरलं होतं. पार पूर्णेपर्यंत काळी जमीन, आणि तिच्यावर जागोजागी कापसाच्या गंजी, पहाटेच्या उजेडात निळसर पांढऱ्या. आमच्या गावाचं खळं मला ओळखू आलं. सगळ्यात मोठी गंजी आमची. मला तिचा अभिमान वाटला हे लपवत नाही.

मग आम्ही उत्तरेकडे वळून पाहिलं.

मेळघाटाच्या टेकड्यांमागे तो ढग उभा होता. वरचा भाग सूर्यानं उजळलेला, लोण्यासारखा. खाली पोट मात्र जुन्या तांब्याच्या भांड्यासारखं हिरवट-काळं. विजा त्याच्या आतच चमकत होत्या, आवाज नव्हता.

"येऊन राहिली," गारपगारी म्हणाला. आवाज त्याचा नव्हता, त्याच्या बापाचा होता.

गवऱ्या पेटवल्या. सुतारानं तिखाडी उपटली, मी पळसाच्या डहाळ्या मोडल्या. वारा नव्हता म्हणून धूर सरळ वर चढला, जाड, पांढरा, दुरूनही दिसेल असा. खाली अंगणांतून माणसं बाहेर येताना दिसली. मुंग्यांएवढी. काही घरांपाशी लगबग सुरू झाली. धुऱ्यावरच्या दोन-तीन गंजींवर कुणीतरी काहीतरी टाकू लागलं. गारपगारी हाताची मूठ तोंडावर धरून पाहत होता.

"आई फिरून राहिली," तो म्हणाला. "पाह्य, ती लुगड्यावाली. पाह्य, पाह्य, कशी पळून राहिली!"

पण आमच्या खळ्यावर कुणी हललं नाही. वडील बाहेर आलेले मला त्यांच्या लाल पागोट्यावरून ओळखू आले. ते धुराकडे तोंड करून थोडा वेळ थांबले आणि शांतपणे आत गेले. असं का केलं असेल, ते तेव्हा कळलं नाही.

थंड वारा अचानक मागून आला. आगीचा धूर आमच्याच तोंडावर आला. आता थांबण्यात अर्थ नव्हता. आम्ही कड्याकडे पळालो, पण उतरेपर्यंत पहिली गार माझ्या पाठीवर आदळली. कड्याच्या पायथ्याशी एक कपार आहे, तिघं वाकून बसतील एवढी. आत शिरलो आणि आभाळ फुटलं.

गारांचा आवाज ज्यानं उघड्या डोंगरावर ऐकला नाही त्याला तो सांगता येत नाही. सागाच्या फांद्या तुटून पडत होत्या. समोरच्या दगडावर गार पडून फुटायची आणि तिचे तुकडे आमच्या तोंडावर उडायचे. लिंबाएवढ्या गारा मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिल्या.

गारपगारी उठला.

मला वाटलं, जागा अवघडली असेल. त्यानं अंगरखा काढला. मग पागोटं.

"काय करून राहिला बे?"

"जाऊ दे मले." त्याचे डोळे आमच्याकडे नव्हते. "माह्या बापाचं काम हाय. मी आत कसा बसू? ते उभे राहत होते. मले जाऊ दे."

तो बाहेर पाऊल टाकणार एवढ्यात मी त्याचा हात धरला. आयुष्यात मी कुणाला एवढ्या जोरानं धरलं नव्हतं. त्यानं झटकला. सुतारानं त्याच्या दोन्ही पायांवर बसकण मारली. सुतार तेव्हाही अंगानं भरलेला होता.

"उठ बे."

"नाई उठत. मी मघाशीच म्हनलो, मले उतरवायले गाव लागते."

तो रडायला लागला. आम्ही धरून ठेवलं. बाहेर गारा पडत होत्या आणि आत आम्ही तिघे एकमेकांत अडकलेले, कुणाचा हात कुणाचा कळत नव्हतं. तो मध्येच ढगाला शिव्या देऊ लागला. बापाच्याच शिव्या, जशाच्या तशा, पण बसल्या जागेवरून. मग सुतारही देऊ लागला. सुताराच्या शिव्या जास्त चांगल्या होत्या. शेवटी मीही दिल्या. पाटलाच्या घरात शिवी देत नाहीत. मी त्या दिवशी ढगाला काय म्हणालो ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण मला मनापासून बरं वाटलं.

गावात आलो तेव्हा गल्ल्या पांढऱ्या होत्या, आणि ते कापसानं नव्हे. ज्यांनी झाकलं होतं त्यांचा कापूस ओला झाला होता, पण वाचला होता. आमच्या खळ्यावरची गंजी चिखलात सपाट झाली होती. मधे मधे गारा वितळत होत्या.

वडील धुराकडे पाहून आत का गेले, ते मला तिथे गड्यांकडून समजलं. गारपगाऱ्याची आई आमच्या दारात आली होती. तिचं बोलणं त्यांनी ऐकून घेतलं नाही. धूर पाहून ते म्हणाले होते, "पोरगं डोंगरावर बसलं. बापापेक्षा वरची जागा धरली त्यानं. आता गार गावात उतरत नाई." गावातल्या बऱ्याच जणांनी तसंच मानलं होतं. आम्ही वरून 'झाका' म्हणून सांगत होतो, आणि खाली माणसं हात जोडून निश्चिंत झाली होती. आमच्या गावाखेरीज ही चूक दुसरीकडे कुठे झाली नसती. वडिलांना मी आधी सांगितलं असतं तर कदाचित टळली असती, हेही मला माहीत आहे.

संध्याकाळी मारुतीपुढे सगळे जमले. आम्हा तिघांना बोलावलं. ठरलेलं होतं: तिघांनी मारुतीपुढे नाक घासायचं, चुकलो म्हणायचं, आणि पुढच्या ढगाला गारपगाऱ्यानं पुन्हा त्या दगडावर उभं राहायचं.

एक म्हातारा म्हणाला, "बापानं देह ठेवला इथं. अन् पोरगा डोंगरावर शेकत बसला."

गारपगाऱ्याची आई बायांमध्ये उभी होती. ती पुढे आली. "बाप्पा, ज्याइनं माह्यं ऐकलं त्याइचा कापूस जाऊन पाहा," ती म्हणाली. "अन् ज्याइनं नाई ऐकलं त्याइचाबी पाहा. मंग माह्या पोराले बोला."

"बाई, तू गप राय," वडील म्हणाले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांत आधी माझ्याकडे, कारण त्यांना माझी सवय ठाऊक होती. मी नाक घासलं असतं तर बाकी दोघांना घासावंच लागलं असतं. त्यांनी बोटानं मारुतीपुढची जमीन दाखवली.

"तुह्यापासून सुरू करू."

माझे गुडघे खरोखर वाकायला लागले होते. एक गुडघा सकाळी फुटला होता, तो ठणकला. मी खाली पाहिलं तर समोर तो दगड होता, मध्ये दोन पावलांचा खोलगट भाग, त्यात वितळलेल्या गारांचं पाणी साचलेलं.

"मी नाई घासत."

"काहून?"

"चुकलो नाई म्हून."

आयुष्यात मी त्यांच्यापुढे 'नाही' म्हणालो ते पहिल्यांदा. मग गारपगारी पुढे झाला. त्यानं घरून तलवार आणली होती. त्यानं ती दगडावर ठेवली. "माह्या बाप उभा राहिला. गार पडलीच. बापबी गेला, कापूसबी गेला. मले गार थांबवता येत नाई, पाटील. कवा येऊन राहिली ते सांगता येते. ते सांगीन. उभा नाई राहनार."

सुतार एवढंच म्हणाला, "मले बी घासायले सांगू नका. आधीच चपटं हाय."

एक-दोघं हसले. तेवढ्यानं सभा मोडली, पण प्रकरण नाही मिटलं. खळ्यावरून त्याला पेंढी देणं बंद झालं. गाव सोड, असंही त्याला सांगितलं गेलं, एकदा नाही, अनेकदा. तो गेला नाही. माझ्या वावरातून आणि सुताराच्या घरातून त्याला जे जायचं ते जात राहिलं. पुढच्या वर्षी फाल्गुनात डोंगरावर धूर दिसला तेव्हा वडील ओसरीवरून ओरडले, "अरे, दव पडन, गंजी झाका!" भर दुपार होती. गड्यांनी झाकली.

वडील गेले त्या वर्षी, अंथरुणावर असताना, त्यांनी मला जवळ बोलावून सांगितलं, "मारुतीपुढं एकदा नाक घासून घे. माह्यासाठी." मी त्यांचे पाय चेपत होतो. चेपत राहिलो, हो म्हणालो नाही. ती इच्छा तशीच राहिली. याचं ओझं माझ्यावर आहे, आणि ते मी उतरवायचा प्रयत्नही करत नाही. पण मी तेव्हा वाकलो असतो, तर माझा दोस्त आज त्या दगडावर उभा असता, नाहीतर त्याच्या बापासारखा त्या दगडावरूनच गेला असता. वडिलांनाही मी हेच सांगितलं असतं, पण मरणाऱ्या माणसाशी वाद घालायला तोंड उघडत नव्हतं.

मारुतीला मी रोज हात जोडतो. उभ्यानं.

गारपगारी अजून वर जातो. कधी कधी मीही जातो. कड्यावर आता मला ओढून घ्यावं लागतं. सुतार नाल्याच्या तोंडाशी बसून आमच्यावर हसतो. तो दगड मारुतीपुढे तसाच आहे. परवा त्यावर कुणाच्या तरी घरच्या मिरच्या वाळत घातल्या होत्या. डोंगरावर धूर दिसला तशी एक बाई घाईघाईनं आली, मिरच्या पदरात गोळा केल्या आणि घरात घेऊन गेली.